सस्कॅचवानमधली छोटी गावं असं मत का देतात?

मृण्मयी, सिंहगड रस्ता

नमस्कार. प्रश्न जरा लांबचा आहे, पण इथे कॅनडात राहून आलेले आणि राजकारणाचं बारकाईने वाचणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माझी धाकटी बहीण नर्स आहे. सध्या ती सस्कॅचवान प्रांताच्या नैर्ऋत्य भागात एका छोट्या गावातल्या दवाखान्यात काम करते. गावाचं नाव लिहीत नाही, वस्ती हजाराच्याही आत आहे, लगेच ओळख पटेल. एक मुख्य रस्ता, को-ऑपचं दुकान आणि त्यांचाच पेट्रोल पंप, आइस हॉकीचं रिंक, दोन चर्च, आणि चहूकडे गहू, कनोला, मसूर. आपल्याकडे बाजारात कॅनडाची म्हणून जी मसूर येते ती बहुतेक ह्याच प्रांतातली.

दवाखान्याचा इमर्जन्सी विभाग कधीकधी बंद ठेवावा लागतो. डॉक्टर नाही किंवा नर्स पुरत नाहीत म्हणून. दारावर कागद लागतो आणि लोकांना पुढच्या शहरात जायला सांगतात. ते शहर शंभरावर किलोमीटर लांब, आणि हिवाळ्यात उणे तीस. ताई म्हणून तिची काळजी वाटते हे एक. पण माझा प्रश्न वेगळा आहे.

ती सांगते की गावातले लोक ह्याबद्दल मनापासून चिडतात, पण मत मात्र पुन्हा उजव्या विचारांच्या सस्कॅचवान पार्टीलाच. 2007 पासून सरकार त्यांचंच आहे. राग काढतात तो ओटावावर, म्हणजे केंद्र सरकारवर, नाहीतर विरोधातल्या एनडीपी ह्या डाव्या पक्षावर. आणि मी वाचलं ते असं, की कॅनडाची सरकारी आरोग्य विमा योजना सगळ्यात आधी ह्याच प्रांतात, 1962 साली आली. आणणारा पक्ष शेतकऱ्यांचा आणि समाजवादी. मग त्याच शेतकऱ्यांची नातवंडं आज उलट्या बाजूला का? आणि ज्यांच्या कारकिर्दीत दवाखाना बंद पडतोय त्यांच्यावर राग का नाही?

बहीण तिथे घर घ्यायचा विचार करतेय. त्यामुळे उत्तर फक्त पुस्तकी नको आहे.

ओंकार, सध्या रिजायना

मी मूळचा बिबवेवाडीचा, बरीच वर्षं रिजायनात, म्हणजे ह्या प्रांताच्या राजधानीत आहे. आकडे देतो, त्यावरून चित्र कळेल.

ऑक्टोबर 2024 च्या निवडणुकीत 61 पैकी 34 जागा सस्कॅचवान पार्टीला, 27 एनडीपीला. एनडीपीच्या 27 कुठल्या? रिजायनातल्या सगळ्या 12, सॅस्कटूनमधल्या 14 पैकी 13, आणि अगदी उत्तरेकडच्या दोन, जिथे बहुसंख्य मूळनिवासी लोक राहतात. म्हणजे दोन मोठी शहरं सोडली की दक्षिणेतल्या शेतीपट्ट्यात एनडीपीला एकही जागा नाही. स्कॉट मो पुन्हा मुख्यमंत्री झाले ते गावांच्या आणि लहान शहरांच्या जोरावर.

केंद्रात तर ह्याहून एकतर्फी. 2019 आणि 2021 ला प्रांतातल्या चौदाच्या चौदा जागा कॉन्झर्व्हेटिव्ह. 2025 ला एक उत्तरेकडची लिबरलांकडे गेली.

माझ्या मते कारण साधं आहे. कार्बन टॅक्स, तेल, पोटॅश, बंदुकांचे कायदे, ह्या सगळ्यात गावातल्या माणसाला वाटतं की ओटावा आपल्याला विचारत नाही. जो ओटावाशी भांडेल तो आपला. घर गरम ठेवायला लागणाऱ्या गॅसवरचा कार्बन कर जानेवारी 2024 पासून प्रांताने गोळा करणंच थांबवलं, तेव्हा माझ्या ऑफिसातले खेड्याकडचे लोक अगदी खूश होते. बाकी गावं पहिल्यापासून पुराणमतवादी असतातच.

निवृत्त वाहतूक नियंत्रक

ओंकार, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण शेवटचं वाक्य मला पटत नाही. ही गावं पहिल्यापासून पुराणमतवादी नव्हती. 1944 ला सीसीएफ, म्हणजे मृण्मयी म्हणते तोच शेतकऱ्यांचा समाजवादी पक्ष, 52 पैकी 47 जागा घेऊन निवडून आला तो ह्याच गावांच्या मतांवर. शहरं होतीच कुठे तेव्हा. तीच गावं पुढे फिरली, आणि ती का फिरली हा मृण्मयीचा प्रश्न आहे.

मी स्वारगेटला एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. मुलगी आणि जावई स्विफ्ट करंट शहराच्या पलीकडे एका गावात असतात, त्यामुळे आम्ही दोघं उन्हाळ्यात तिथे जाऊन राहतो. माणूस जिथे जातो तिथे आपल्या धंद्याचं आधी बघतो. मी तिथल्या बसगाड्या बघितल्या, आणि त्या प्रांताचं राजकारण मला जे काही कळलं ते तिथून कळलं. सविस्तर लिहितो.

आधी गावं तिथे आली कशी ते बघा. आपलं गाव पाण्याकाठी वसतं, त्याला पाचशे वर्षांचा इतिहास असतो, वेशीवर मारुती असतो. तिथली गावं रेल्वेने बसवली. सरकारने मोजणी करून सगळ्या प्रांतावर चौकोन आखले, सहा मैल बाय सहा मैल. त्या आधी करार करून मूळनिवासी लोकांना राखीव तुकड्यांवर हलवलं, ते विसरून चालणार नाही. मग 1872 च्या कायद्याप्रमाणे दहा डॉलर भरा आणि 160 एकर घ्या. युक्रेनमधून, जर्मनीतून, नॉर्वेतून माणसं आली. गव्हाची गाडी घोड्यांनी ओढून एका दिवसात परत येता आलं पाहिजे, म्हणून रुळाच्या कडेने आठ-दहा मैलांवर एकेक ठाणं. प्रत्येक ठाण्यावर धान्याचं उंच लाकडी कोठार, त्याला ते एलिव्हेटर म्हणतात. तीनही प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदानांचे, प्रांत मिळून 1930 च्या दशकात अशी साडेपाच हजारांहून जास्त कोठारं होती.

ह्यात डॉक्टर कुठून येणार? एकट्यादुकट्या डॉक्टरचं अशा जागी पोटच भरत नव्हतं. तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्या ग्रामीण पालिकांनी, ज्यांना ते आरएम म्हणतात, जमिनीच्या करातून डॉक्टर पगारावर ठेवायला सुरुवात केली. चार-पाच पालिका आणि गावं एकत्र येऊन आपलं हॉस्पिटल बांधायची. 1930 च्या दुष्काळात शेतं उडून गेली, डॉक्टरांना फी द्यायला कोणाकडे पैसा नव्हता, तेव्हा ही पद्धत आणखी पसरली. 1946 ला स्विफ्ट करंट भागाने सगळ्या लोकांसाठी वर्गणीतून डॉक्टरी उपचाराची योजना चालू केली. सबंध प्रांताला ती मिळायच्या सोळा वर्षं आधी! सीसीएफचे मुख्यमंत्री टॉमी डग्लस मोठा माणूस, त्यात शंका नाही, पण 1962 ची योजना त्यांनी रिजायनात बसून शोधून काढली असं नाही. गावं जे करत होती ते त्यांनी प्रांतभर नेलं. योजना प्रत्यक्ष लागू झाली तेव्हा ते केंद्राच्या राजकारणात गेले होते, मुख्यमंत्री वुड्रो लॉइड होते, आणि डॉक्टरांनी 23 दिवस संप केला होता.

हे एवढं लांबण का लावलं? कारण त्या गावाच्या मनात हॉस्पिटल हे सरकारने दिलेलं नाही. आजोबांनी वर्गणी काढून बांधलेलं आहे. भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या पट्ट्या असतात, त्यात स्वतःचं आडनाव असतं.

आता 1993. दोन वर्षांपूर्वी एनडीपी, म्हणजे सीसीएफचाच वारस पक्ष, रॉय रोमानाव ह्यांच्या नेतृत्वाखाली परत सत्तेवर आला होता. आधीच्या सरकारने कर्जाचा डोंगर ठेवला होता, प्रांत दिवाळखोरीच्या दारात उभा होता. ते खरं होतं, मी ते नाकारत नाही. रोमानाव सरकारने 52 लहान हॉस्पिटलांचा आंतररुग्ण विभागाचा पैसा बंद केला. बहुतेकांची आरोग्य केंद्रं झाली, दिवसा उघडी, रात्री कुलूप. हिशोबाने बघितलं तर रिकाम्या खाटा खूप होत्या. पण ज्याने ते कुलूप बघितलं त्याच्या लेखी हिशोब उरत नाही. परक्याने घर फोडलं तर माणूस पोलिसात जातो, सख्ख्या भावाने फोडलं तर बोलणंच टाकतो. तसं झालं. 1995 ला एनडीपी तरून गेली, पण 1999 ला गावांनी हिशोब चुकता केला. एनडीपीला लिबरलांचा टेकू घेऊन सरकार बनवावं लागलं. 1997 साली जन्मलेली सस्कॅचवान पार्टी गावागावांत पहिल्याच फटक्यात उभी राहिली, आणि 2007 ला ब्रॅड वॉल, आमच्या स्विफ्ट करंटचेच आमदार, मुख्यमंत्री झाले.

त्याच सुमाराला वरूनही घाव बसला. 1897 पासून धान्याच्या रेल्वे भाड्याला एक सवलत होती, तिला क्रो रेट म्हणत. शेतकऱ्याचा गहू बंदरापर्यंत स्वस्तात जायचा. पुढे त्याची जागा केंद्राच्या अनुदानाने घेतली, आणि 1995 ला लिबरल सरकारने तेही बंद केलं. मग रेल्वेने फाटे उखडले, लाकडी कोठारं पाडली गेली, लांब लांब अंतरावर काँक्रीटची मोठी टर्मिनल्स उभी राहिली. 1936 ला प्रांतात 1 लाख 42 हजार शेतं होती, 2021 च्या गणतीत 34 हजार. सरासरी शेत सतराशे एकरांच्या वर. जमीन तेवढीच, कसणारी घरं चौथ्या हिश्शावर. शाळेत पोरं कुठून येणार?

म्हणजे एकाच तीन-चार वर्षांच्या पट्ट्यात एका पक्षाने दवाखाना नेला आणि दुसऱ्याने रेल्वे. उरलेला तिसरा तो आपला. ओटावावरचा राग म्हणतात तो कार्बन टॅक्सने सुरू झालेला नाही.

आता बसचं. 1946 ला सीसीएफ सरकारने सस्कॅचवान ट्रान्सपोर्टेशन कंपनी काढली. आपली पहिली एसटी पुणे-अहमदनगर 1 जून 1948 ला सुटली, म्हणजे ही आपल्याहून थोरली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती चालू होती. गावात वेगळं स्थानक नाही, पेट्रोल पंपाचा मालकच एजंट. गाडी आली की ड्रायव्हर स्वतः उतरायचा, पोटातून खोके काढायचा, एजंट कागदावर सही करायचा. मी जवळ जाऊन बघितलं. एक खोकं मळणी यंत्राच्या सुट्या भागाचं होतं, त्यावर शेतकऱ्याचं नाव आणि ‘तातडीचे’ असा शिक्का, शेतकरी ट्रक घेऊन उभाच होता. दुसरं प्लॅस्टिकचं, ग्रंथालयाच्या पुस्तकांचं, एका गावच्या ग्रंथालयातून दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाला. तिसरा लहान डबा दवाखान्याचा, थंड ठेवायचा. खाली माणसं उतरली फक्त दोन. त्यातली एक बाई सॅस्कटूनच्या कॅन्सर केंद्रातून उपचार घेऊन आली होती, डोक्याला रुमाल, हातात उशी. प्रवासात मान टेकायला घरची उशी नेलेली.

आमच्या भाषेत त्या गाडीचं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, विचाराल तर पंधरा-वीस टक्केही नसेल. प्रति किलोमीटर उत्पन्न बघून मी ती फेरी पहिल्याच बैठकीत लाल शाईत लिहिली असती. तिथल्या सरकारनेही तेच केलं. मार्च 2017 च्या अर्थसंकल्पात घोषणा, 31 मे ला शेवटची गाडी. अडीचशेच्या वर गावांची सेवा गेली. पाच वर्षांत साडेआठ कोटी डॉलर वाचतील असं सांगितलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेर ग्रेहाउंड ह्या खासगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातल्या जवळपास सगळ्या गाड्या थांबवल्या.

आपल्याकडे एसटीची फेरी बंद झाली तर आठ दिवसांत वडाप चालू होतं. जीपवाला उभा राहतो, कारण रस्त्यावर माणूस उभा असतो. तिथे चौरस किलोमीटरला दोन माणसं. वडाप चालणार कोणावर? काही खासगी लोकांनी व्हॅन चालवून बघितल्या, पण अडीचशे गावांची जागा त्यांना भरता आली नाही.

मृण्मयी, आता तुझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. ही बस सस्कॅचवान पार्टीने बंद केली, आणि तीही गावांचीच होती. मग 1993 चा राग तीस वर्षं टिकतो आणि 2017 चा का टिकत नाही? मला हे कोडं खूप दिवस छळत होतं. माझ्यापुरतं उत्तर असं, की हॉस्पिटल सगळ्या गावाचं होतं, बस काही जणांचीच होती. बाराशे-दोन हजार एकर कसणाऱ्याकडे दोन ट्रक असतात, त्याने उभ्या आयुष्यात तिकीट काढलेलं नसतं. तो आरएमच्या कौन्सिलवर असतो, सकाळी कॉफीला बसतो, पक्षाच्या बैठकीला जातो. बसमध्ये बसायची ती गाडी चालवणं सोडलेली म्हातारी, राखीव वस्तीतून शहरात दवाखान्याला किंवा शिकायला जाणारी मुलगी, नवऱ्याचं घर सोडून निघालेली बाई. बेपत्ता आणि खून झालेल्या मूळनिवासी स्त्रियांच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल 2019 ला आला, त्यात दुर्गम भागात सुरक्षित आणि परवडणारी वाहतूक हवी ही मागणी आहे. हा काही रिकामटेकड्यांचा विषय नाही. पण ह्या लोकांची मतं एका मतदारसंघात एकवटलेली नाहीत, आणि सकाळच्या कॉफीच्या टेबलावर त्यांना खुर्ची नाही.

आपण ‘गाव’ म्हणतो तेव्हा ते एक माणूस असल्यासारखं बोलतो. तिथेही तेच होतं. गावाचं मत म्हणून जे बाहेर येतं ते ट्रकवाल्यांचं मत असतं. माझं सगळं आयुष्य बिनगाडीच्या माणसांची वाहतूक करण्यात गेलं, त्यामुळे मला हे लागतं. भारमानाच्या तक्त्यात उशी घेऊन बसलेल्या बाईचा रकाना नसतो.

सुनंदा म., कोथरूड

काकांचं लिहिणं वाचून राहवलं नाही. सहकार हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून त्यांच्या एका वाक्याला जोड देते: कोठारं पाडली गेली. ती कोणाची होती हेही सांगायला हवं.

बरीचशी सस्कॅचवान व्हीट पूलची होती. 1924 साली शेतकऱ्यांनी स्थापन केलेली सहकारी संस्था. खासगी धान्य कंपन्या वजनात आणि प्रतवारीत मारतात म्हणून शेतकऱ्यांनी करार करून गहू एकत्र विकायला सुरुवात केली. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला कारखाना काढला, धनंजयराव गाडगीळ त्यामागे उभे राहिले, तीच भावना, पाव शतक आधी. पूलचा स्थानिक कमिटी सदस्य हा गावातला मानाचा माणूस असायचा. सभेत बोलायला, ठराव मांडायला, हिशोब तपासायला माणसं तिथे शिकली. सीसीएफचे कितीतरी कार्यकर्ते ह्याच शाळेतून आले.

1996 ला पूलचे शेअर टोरोंटो बाजारात आले. काँक्रीट टर्मिनल्स बांधायला प्रचंड कर्ज काढलं, ते अंगाशी आलं. 2005 मध्ये सहकारी स्वरूप गेलं, 2007 मध्ये व्हिटेरा नाव आलं, 2012 मध्ये ग्लेनकोर ह्या स्विस कंपनीने ती विकत घेतली, आणि 2025 मध्ये ती बंगी ह्या बड्या धान्य कंपनीत विलीन झाली. शिवाय गहू एकहाती विकणारं कॅनेडियन व्हीट बोर्ड होतं, त्याचा एकाधिकार 2012 मध्ये केंद्रातल्या हार्पर ह्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने काढला. त्यावर शेतकऱ्यांमध्येच दोन तट होते. मोठे म्हणत होते आम्हाला मोकळं सोडा, लहान म्हणत होते मोडू नका.

माझा मुद्दा हा, की गावाचा पक्ष बदलला त्याआधी गावातली संस्था गेली. जिथे माणूस शेजाऱ्याच्या बाजूला बसून आपला धंदा चालवत होता ती जागाच राहिली नाही. आपल्याकडे आजारी पडलेले कारखाने खासगी मालकांकडे गेले, त्या तालुक्यांत काय झालं ते मी फिरून बघितलंय. सभासद ऊस उत्पादक झाला, मग नुसता पुरवठादार. सर्वसाधारण सभेत उठून अध्यक्षाला प्रश्न विचारणारा शेतकरी आता काट्यावर पावती घेऊन निघून जातो. फरक एवढाच की आपला कारखान्याचा अध्यक्ष आमदार होतो आणि साखर व सत्ता एका हातात राहते. पूल पक्षांपासून अंतर ठेवून होता. त्यामुळे तो गेल्यावर ती पोकळी पक्षाने भरली.

ओंकार, सध्या रिजायना

काका, ‘पहिल्यापासून’ हा शब्द मागे घेतो. माझ्या मॅनेजरचं गाव हॉस्पिटल बंद झालेल्या त्या 52 मधलं आहे हे मला आज विचारल्यावर कळलं. तो तेव्हा शाळेत होता. कोणत्या तारखेला बंद झालं ते त्याला तोंडपाठ आहे.

एक भर. प्रांतिक मतदारसंघ आखताना शहर आणि गाव ह्यांत लोकसंख्येचा फरक किती चालेल ह्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला होता, 1991 मध्ये, सस्कॅचवानचाच. कोर्टाने पंचवीस टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केला. मत तंतोतंत सारखं असण्यापेक्षा प्रतिनिधित्व परिणामकारक हवं, असं त्यांचं म्हणणं. आता मात्र प्रांताचा कायदा उत्तरेकडच्या दोन जागा सोडून पाच टक्क्यांवर आला आहे. म्हणजे गावांना जास्तीचं माप मिळतं आणि त्यामुळेच सरकार टिकतं, हे इथे रिजायनात सगळे म्हणतात ते फारसं खरं नाही.

मृण्मयी, सिंहगड रस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर बहिणीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की तिच्या दवाखान्याच्या बोळात नावांच्या पट्ट्या खरंच आहेत आणि ती रोज त्यांच्यासमोरून जाते. एका पट्टीवरचं आडनाव तिच्या घरमालकिणीचं आहे.

तिचा प्रश्न: दवाखाना टिकेल का, हे कशावरून ओळखायचं? घर घ्यावं का? आणि तिला मत द्यायचा हक्क नाही, तर ती करू काय शकते?

निवृत्त वाहतूक नियंत्रक

मृण्मयी, दवाखाना टिकेल का हे मी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण मी तिथे राहून ज्या गोष्टी बघतो त्या सांगतो. शाळेत पहिलीच्या वर्गात किती मुलं आहेत ते विचारायला सांग. को-ऑपने अलीकडे दुकानात पैसे घातलेत का ते बघायला सांग, कारण को-ऑप सभासदांची आहे, त्यांचं मंडळ चार वर्षं पुढचं बघतं. गावात वृद्धांचं निवासी केंद्र दवाखान्याला जोडून असेल तर ती जमेची बाजू, कारण तिथे रात्रीची नर्स ठेवावीच लागते. घर विकत घ्यायची घाई नको. अशा गावात घर स्वस्त मिळतं, पण विकताना गिऱ्हाईक मिळायला दोन-दोन वर्षं जातात. माझ्या जावयाच्या शेजाऱ्याची पाटी अजून अंगणात आहे. आधी एक हिवाळा भाड्याने काढू दे.

मताचं म्हणशील तर प्रांतिक निवडणुकीला नागरिकत्व लागतं, त्याला अजून वेळ आहे. पण गावाच्या कौन्सिलची सभा सगळ्यांना खुली असते, आरएमचीही. महिन्यातून एकदा, हॉलमध्ये, दहा-पंधरा खुर्च्या. मी जाऊन बसलो आहे, कोणी हटकलं नाही, कॉफी दिली. ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, कुठल्या रस्त्यावर आधी फिरवायचा ह्यावर तासभर चर्चा चालली होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या शेताचा रस्ता नावानिशी ओळखत होता. असे लोक ऐकून घेतात.

तिने दवाखान्यातलं काही बोलू नये, नोकरीचे नियम असतात. पण एक साधी गोष्ट ती गावातली रहिवासी म्हणून विचारू शकते: इमर्जन्सी बंद असते त्या रात्री ज्याच्याकडे गाडी नाही त्याने कसं जायचं, कौन्सिलने काही सोय ठरवली आहे का? काही गावांत मंडळी पाळीपाळीने रुग्णाला नेतात, पेट्रोलचे पैसे देणगीतून निघतात. तिच्या गावात तसं नसेल तर सुरू करता येतं, त्याला कुठल्या पक्षाची परवानगी लागत नाही. घरमालकिणीला बरोबर घेऊन जाऊ दे. पट्टीवर आडनाव आहे त्यांचं, त्यांनी विषय काढला तर वजन पडेल. आणि सभेचे विषय आधी लावतात, त्यात आपला विषय घालायचा असेल तर कारकुनाला आठ-दहा दिवस आधी लेखी द्यावं लागतं, तेवढं सांगून ठेव.